किती जणांना विकलं?

हल्ली कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजात जा, जिमखाना आणि कॅन्टीनसारखाच एक ई-सेल असतो. ई-सेल म्हणजे विद्यार्थ्यांनीच चालवलेला उद्योजकता कक्ष. एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली पोरंपोरी, वर्षातून एक मोठी 'समिट', एक बिझनेस प्लॅनची स्पर्धा, पुण्या-मुंबईहून आलेले दोन पाहुणे आणि शेवटी थर्माकोलचा भलामोठा चेक. ज्यांनी २०१० नंतर कॉलेज केलंय त्यांना हे चित्र नवीन नाही. कदाचित तुमच्यापैकी काही जण त्या टी-शर्टातही असाल :-)

मुद्दा आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका. माझं म्हणणं असं आहे की ई-सेलने पोरांना पिच करायला शिकवणं जरा कमी करावं आणि विकायला शिकवावं. आणि ई-सेल किती चांगला हे त्याने किती कार्यक्रम केले यावरून न ठरवता त्याच्या पोरांनी किती गिऱ्हाइकं मिळवली यावरून ठरवावं. पवईत किंवा पुण्यात हे नाही झालं तरी फार बिघडत नाही. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात बिघडतं, आणि त्याची किंमत कॉलेज देत नाही, पोराचं घर देतं.

आधी थोडा इतिहास. आपल्याकडे ई-सेल म्हटलं की पहिलं नाव येतं आयआयटी मुंबईचं. तिथला ई-सेल १९९८ चा. डॉट-कॉमचे दिवस होते, अमेरिकेत पोरं गॅरेजमध्ये कंपन्या काढतायत अशा बातम्या रोज येत होत्या, आणि पवईच्या विद्यार्थ्यांनी 'युरेका' नावाची बिझनेस प्लॅनची स्पर्धा भरवायला सुरुवात केली. पुढे २००४ मध्ये त्याच कॅम्पसवर 'साईन' हे इनक्युबेटर उभं राहिलं आणि २०१४ मध्ये देसाई-सेठी उद्योजकता केंद्र. म्हणजे पोरांनी उत्साहाने सुरू केलेल्या गोष्टीभोवती हळूहळू जागा, पैसा, प्रयोगशाळा आणि अभ्यासक्रम असं सगळं जमा होत गेलं.

त्यातून खरोखर काही निघालंही. 'आयडियाफोर्ज'चं उदाहरण घ्या. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये काढलेली ही ड्रोनची कंपनी 'साईन'मध्ये वाढली. '३ इडियट्स'मधलं (२००९) ते उडणारं यंत्र त्यांचंच. पण सिनेमात दिसणं म्हणजे धंदा नव्हे. त्यांचं 'नेत्र' हे ड्रोन डीआरडीओच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेबरोबर तयार झालं, आणि लष्कर, पोलीस यांच्यासारख्या गिऱ्हाइकांच्या मागण्या, चाचण्या, टेंडरं यांत वर्षं गेली. कंपनी शेअर बाजारात आली २०२३ मध्ये. मधली सोळा वर्षं कुठल्याही समिटच्या स्लाइडवर मावत नाहीत.

आता हा ई-सेल पवईतून खाली कसा झिरपला ते बघू, कारण गोम तिथेच आहे. जानेवारी २०१६ मध्ये 'स्टार्टअप इंडिया' आलं. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने प्रत्येक विद्यापीठात 'नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य' यासाठी वेगळी व्यवस्था सांगितली. केंद्राच्या शिक्षण खात्याने (तेव्हाचं मनुष्यबळ विकास मंत्रालय) २०१८ पासून कॉलेजांमध्ये 'इनोव्हेशन कौन्सिल' स्थापायला लावल्या आणि २०१९ मध्ये विद्यार्थी-प्राध्यापकांसाठी स्टार्टअप धोरण काढलं. कागदावर हे सगळं चांगलंच आहे. पण या कौन्सिलांना वर्षाचं कॅलेंडर असतं, त्यातले कार्यक्रम करायचे, फोटो आणि अहवाल पोर्टलवर चढवायचे, आणि त्यावरून कॉलेजला स्टार मिळतात. ते स्टार मग माहितीपत्रकावर छापता येतात.

आपण सॉफ्टवेअरवाले हे लगेच ओळखतो. एका मॅनेजरने टीमचं काम 'किती तिकिटं बंद केली' यावरून मोजायला सुरुवात केली की आठवडाभरात लोक एका तिकिटाची चार तिकिटं करायला शिकतात. तिकिटं बंद होतात, बग तिथेच राहतो. ई-सेलचंही तेच झालं. कार्यक्रम मोजले गेले, म्हणून कार्यक्रम झाले. यात पोरांचा दोष नाही, प्राध्यापकांचाही फारसा नाही.

एका ठिकाणी मी परीक्षक म्हणून गेलो होतो. कॉलेजचं नाव सांगत नाही, कारण कुठल्याही कॉलेजचं टाकलं तरी चालेल. अकरा टीम होत्या. त्यातल्या चार टीमकडे शेतकऱ्यांसाठी अ‍ॅप होतं. चौघांच्याही स्लाइडवर तोच आकडा : देशात साडेचौदा कोटींच्या वर शेतीची खाती. (आकडा बरोबर आहे, २०१५-१६ च्या कृषी गणनेतला.) त्यातले एक टक्का जरी आपल्याकडे आले तरी, वगैरे वगैरे. प्रेझेंटेशनं चांगली होती, इंग्रजी माझ्या कॉलेजच्या दिवसांतल्यापेक्षा कितीतरी बरं होतं. मी प्रत्येक टीमला एकच प्रश्न विचारला : आत्तापर्यंत किती जणांना विकलं? दहा टीमचं उत्तर साधारण एकच होतं, "सर, आम्ही अजून व्हॅलिडेशन स्टेजला आहोत." अकराव्या टीममधली एक मुलगी म्हणाली, "सर, हॉस्टेलवर बेचाळीस डबे जातात, पण ते आम्ही स्लाइडवर टाकलं नाही, छोटं वाटलं असतं."

तिच्या टीमला नंबर मिळाला नाही. तीन परीक्षकांत मी एक होतो, आणि गुणांच्या तक्त्यात 'नावीन्य', 'सादरीकरण', 'स्केलेबिलिटी' असे रकाने होते. विक्रीचा रकानाच नव्हता.

आता रोहिणखेड. हे माझं आजोळ. बुलढाणा जिल्हा, मोताळा तालुका, घाटाच्या अगदी पायथ्याशी. आज बाहेरच्या कुणाला नाव ठाऊक नसतं, पण जुन्या गॅझेटियरात इथल्या दोन लढायांची नोंद आहे, १४३७ ची आणि १५९० ची. १५८२ मध्ये खुदावंदखानाने बांधलेली मशीदही इथलीच. खानदेशातून वर घाटाकडे जाणारी वाट इथून जायची म्हणून हे महत्त्व. वाट होती तेव्हा सैन्यही आलं असणार आणि व्यापारीही. आता कापूस, सोयाबीन, मका आणि पोरांची पुण्याची तिकिटं. इथलं पोर बारावीनंतर शिकायला शेगावला जातं, मलकापूरला जातं, नाहीतर बुलढाण्याला, चिखलीला. आणि तिथे त्याला भेटतो ई-सेल.

माझ्या मामांकडे थ्रेशर आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ते पंचक्रोशीत सोयाबीन काढून देतात, पोत्यामागे पैसे घेतात. हा धंदा म्हणजे काय काय असतं बघा. पाऊस कधी उघडणार याचा अंदाज. चार मजूर दिवाळीतही टिकवून ठेवणं, त्यासाठी आधी उचल देणं. डिझेल रोख आणावं लागतं, पण शेतकरी पैसे देतो माल विकल्यावर, म्हणजे महिना-दोन महिने उधारी. कुणाची उधारी सोडून द्यायची आणि कुणाच्या दारात जाऊन बसायचं याचं गणित. शेजारच्या गावात दुसरं मशीन आलं की दर पाडायचा की नाही. खेळतं भांडवल, किंमत ठरवणं, स्पर्धा, वसुली, सगळं आलं. एमबीएला यावर दोन सेमिस्टर जातात.

मामांना मी त्या स्पर्धेची गोष्ट सांगितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अन् बक्षीस कायचं देल्लं मंग, बोल्ल्याचं?"

माझ्या माहितीत तरी मामांसारख्या माणसाला कुठल्या ई-सेलने बोलावलेलं नाही. पाहुणा म्हणून कोण येतो? पुण्याहून माझ्यासारखा कुणीतरी, ज्याच्या खात्यात एक तारखेला पगार जमा होतो. मोताळ्याचा कृषी केंद्रवाला, मलकापूरचा जिनिंगवाला, खामगावचा चांदीचा कारागीर हे 'आंत्रप्रुनर' नाहीत, ते 'दुकानदार' आहेत. बुलढाणा अर्बन ही पतसंस्था १९८६ मध्ये याच जिल्ह्यात सुरू झाली आणि देशातल्या सर्वांत मोठ्या पतसंस्थांमध्ये जाऊन बसली. शेतकऱ्याचा माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज द्यायचं, म्हणजे भाव पडलेला असताना त्याला विकावं लागत नाही, हे तिचं साधं पण पक्कं काम. त्यामागचा हिशेब समजून घ्यायला स्टीव्ह जॉब्जच्या व्हिडिओपेक्षा एक एसटीचं तिकीट पुरेसं आहे.

आता जरा गंभीर मुद्दा. ई-सेलच्या भिंतींवर एक घोषणा हमखास असते : 'फेल फास्ट'. लवकर अपयशी व्हा, शिका, पुन्हा उठा. कॅलिफोर्नियात हे बरोबर असेल. तिथे पैसा बहुतेक वेळा गुंतवणूकदाराचा असतो, कंपनी बुडाली तर पोरगा पुढच्या सोमवारी दुसरीकडे नोकरीला लागतो. आपल्या कोथरूडच्या पोरालाही ते परवडतं, वडिलांचा फ्लॅट असतो. पण बुलढाणा हा त्या सहा जिल्ह्यांपैकी एक आहे ज्यांच्यासाठी २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधानांना ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं होतं, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. ज्या घरांनी कर्ज फिटलं नाही तर काय होतं हे जवळून पाहिलंय, त्या घरातल्या पोराला 'अपयश साजरं करा' असं सांगायचं असेल तर आधी ते अपयश कुणाच्या पैशाने, कुणाच्या सातबाऱ्यावर, हे विचारायला हवं. त्याच्या डोक्यावर आधीच शैक्षणिक कर्ज असतं. त्यात 'मुद्रा'चं, नाहीतर पीएमईजीपीचं कर्ज मिळतंय म्हणून घेतलं, आणि गिऱ्हाईक एकही नाही, तर ते 'शिकणं' फार महाग पडतं.

म्हणून मी विक्रीवर एवढा अडून बसतो. विक्री हा पैसे न बुडवता चूक कळण्याचा सगळ्यात स्वस्त मार्ग आहे. दहा जणांना विचारलं आणि दहाही जण नाही म्हणाले तर खर्च झाला तो चपलांचा. कंपनी नोंदवून, लोगो करून, कर्ज काढून, मग दहा जण नाही म्हणाले तर खर्च वेगळाच.

हे नुसतं बोलणं नको म्हणून एक उदाहरण देतो. सोयाबीनचं बियाणं. सोयाबीन स्वपरागीत पीक आहे, म्हणजे सरळ वाणाचं घरचं बियाणं पुढच्या वर्षी पेरता येतं. पण त्याचं टरफल नाजूक. थ्रेशरचा वेग जास्त ठेवला, पोती आपटली, एकावर एक जास्त थप्पी लावली, की दाण्याची उगवण मार खाते. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलंच नाही म्हणून विदर्भ-मराठवाड्यात तक्रारींचा पाऊस पडला होता. दुबार पेरणी म्हणजे काय हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. उगवण तपासायची पद्धत मात्र अगदी घरगुती आहे : शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं, आठवडाभराने उघडून मोजायचं. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं चांगलं. कमी असतील तर त्या हिशेबाने बियाणं वाढवायचं, नाहीतर दुसरं बघायचं.

आता समजा मलकापूरला शिकणाऱ्या दोन पोरांनी ठरवलं की हे काम पैसे घेऊन करायचं. दिवाळीत ज्यांना घरचं बियाणं ठेवायचंय त्यांचं सोयाबीन थ्रेशर हळू चालवून काढून घ्यायचं. नंतर चाळणी करून फुटके दाणे बाजूला. एप्रिल-मेमध्ये घरोघरी उगवण तपासणी, पोत्यावर चिठ्ठी : इतके उगवले, एकरी इतकं पेरा. बियाणं विकायचं असेल तर बियाणे नियंत्रण आदेशाखाली परवाना लागतो, पण इथे माल शेतकऱ्याचाच, आपण फक्त कामाची मजुरी घेतोय. भांडवल म्हणाल तर गोणपाट, चाळणी, एक वही आणि मोटरसायकलचं पेट्रोल. पहिल्या वर्षी तीस घरं झाली तरी पुष्कळ. या तीस घरांतून पोरांना जे कळेल (कोण पैसे देतो, कोण नुसताच चहा पाजतो, कुणाला कशाची भीती आहे) त्यावर पुढे अ‍ॅप काढायचं की नाही ते ठरेल. कदाचित अ‍ॅप लागणारही नाही. आमच्या धंद्यात हे कबूल करणं जड जातं, पण बऱ्याचदा वहीच पुरते.

यात एक गंमत आहे. हे काम जेव्हा जोरात असतं, म्हणजे मे-जूनमध्ये, तेव्हाच उन्हाळी परीक्षा असतात. ई-सेलचे कार्यक्रम मात्र असतात जानेवारी-फेब्रुवारीत, पाहुण्यांच्या सोयीने. शेतीशी जोडलेला कुठलाही धंदा कॉलेजच्या कॅलेंडरवर चालत नाही. २०१९ च्या धोरणात स्टार्टअप करणाऱ्या विद्यार्थ्याला हजेरीत सवलत, अगदी एखाद्या सेमिस्टरची सुट्टी घेण्याचीही तरतूद आहे. ई-सेलने खरं तर तिथे भांडायला हवं, की या दोन पोरांना हंगामाचे तीन आठवडे द्या, हजेरी कापू नका. ते एक काम दहा समिटपेक्षा मोठं होईल.

आता विरोधी बाजू, कारण ती आहेच. माझा एक सहकारी म्हणतो, "सगळ्यांनी धंदाच काढावा असं कुठंय? ई-सेलमधून पोरं स्टेजवर बोलायला शिकतात, स्पॉन्सर आणतात, तीनशे माणसांचा कार्यक्रम उभा करतात, हे कमी आहे का?" अजिबात कमी नाही. ज्या मुलीने घरी कधी पाहुण्यांसमोर तोंड उघडलं नाही ती मलकापुरातल्या दुकानदाराकडे जाऊन पाच हजारांची जाहिरात मागून आणते, तेव्हा तिने विक्रीच केलेली असते. उलट माझं म्हणणं असं की ई-सेलमध्ये खरी उद्योजकता स्पॉन्सरशिपच्या टीममध्येच असते, स्टेजवर नसते! मग तीच शिकवा ना.

दुसरा आक्षेप : खोल तंत्रज्ञान सेमिस्टरभरात विकता येत नाही, ड्रोन काय हातगाडीवर विकायचे? बरोबर. पण तिथेही कुणीतरी 'तयार करून आणा, मी वापरून बघतो' असं म्हणणारा हवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर काळाच्या पुढचा होता. लोखंडाने जमीन नासेल अशी शेतकऱ्यांची समजूत, आणि पहिले नांगर खपेपर्यंत दोनेक वर्षं गेली. ही गोष्ट चिकाटीची म्हणून सगळीकडे सांगतात. मला त्यात दुसरंही दिसतं : त्या काळात ते गिऱ्हाइकासमोर उभे होते. त्याआधी १८८८ पासून बेळगावला सायकलींचं दुकान चालवलेला माणूस होता तो, नकार ऐकायची सवय होती.

मग करायचं काय? माझ्या मते फार थोडं. स्पर्धेत भाग घ्यायचा तर किमान पाच जणांकडून पैसे घेतल्याचा पुरावा आणा, रुपये दहा असले तरी चालतील. गुणांच्या तक्त्यात 'दुसऱ्यांदा आलेलं गिऱ्हाईक' असा रकाना घाला. बक्षिसाची रक्कम एका टीमला देण्याऐवजी दहा टीमना दोन-दोन हजार द्या, सहा महिन्यांनी परत करायच्या बोलीवर. परत आले तर पुढच्या वर्षीच्या पोरांना, बुडाले तर कॉलेजचे बुडाले, कुणाच्या बापाचे नाहीत. आणि जोवर वीस गिऱ्हाइकं होत नाहीत तोवर ई-सेलने कुणालाही कर्जाच्या अर्जाकडे नेऊ नये. पाहुण्यांत अर्धे तालुक्यातले ठेवा, भाषणाऐवजी त्यांच्या दुकानात एक दिवस बसायला पोरं पाठवा.

आणि आता आपल्याकडे येतो. तुम्ही-मी कॉलेज सोडून पुण्यात, बंगलोरमध्ये बसलोय. दर हिवाळ्यात कुठल्या तरी ज्युनिअरचा फोन येतो, "सर, जज म्हणून याल का?" आपण जातो, शाल-श्रीफळ घेतो, 'ग्रेट एनर्जी' असं म्हणतो आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने परत. पुढच्या वेळी फोन आला की गुणांचा तक्ता आधी मागवून घ्या. त्यात विक्रीचा रकाना नसेल तर घालायला सांगा. नाही म्हणाले तर जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी यंदा हेच करणार आहे. आणि त्या बेचाळीस डब्यांचे आता किती झाले तेही विचारून येणार आहे. असो, पुरे झालं, सोमवारचं रिलीज अजून बाकी आहे.